हिरवळीवर उतरणारे पक्षी

बंगल्यापुढील एकसारख्या कापलेल्या हिरवळीवर सकाळी साळुंक्या, हुदहुद, गायबगळे आणि हिवाळ्यात पाहुणे म्हणून येणारे धोबी वावरताना दिसतात, त्यामुळे ती पक्ष्यांना पोषक आहे असा समज सहज होतो. परंतु अन्न, पाणी, आडोसा आणि पिल्ले वाढवण्याजोगी सुरक्षित जागा ज्या परिसरात एकत्र मिळतात, त्यालाच पक्ष्याचा अधिवास म्हणता येते, आणि नुसती हिरवळ यांपैकी फार तर पहिल्या दोन गोष्टी पुरवते.

पाण्याने मऊ राहिलेल्या मातीत लांब चोच खुपसून हुदहुद अळ्या टिपतो, हे खरे. मात्र त्याचे घरटे झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात असते. मुनियांचा मुख्य आहार गवताचे बी असतो, पण सतत कापल्या जाणाऱ्या गवताला बी धरण्यास अवधीच मिळत नाही. सातभाई ज्या पालापाचोळ्यात किडे शोधतात, तो नीटनेटक्या बागेतून रोज झाडून नेला जातो. चिमणी स्वतः दाणे खात असली, तरी लहान पिल्लांना ती प्रामुख्याने किडे व अळ्या भरवते, आणि नेमके हेच कीटक हुमणीसारख्या किडींवर फवारलेल्या औषधांनी नाहीसे होतात. दाणेदार कीटकनाशके तर पक्षी बी किंवा खडे समजून थेट गिळतात. अमेरिकेत पक्षी मरू लागल्याने गोल्फच्या मैदानांवर डायझिनॉन या कीटकनाशकाच्या वापराला बंदी घालावी लागली, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

वॉशिंग्टन परिसरातील घरांच्या बागांमध्ये कॅरोलायना चिकाडी या छोट्या कीटकभक्षी पक्ष्याचा अभ्यास झाला असून त्याचे निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाले. ज्या बागांत एकूण वनस्पतिभारापैकी, म्हणजे झाडाझुडपांच्या एकंदर वस्तुमानापैकी, 70 टक्क्यांहून कमी भाग स्थानिक वनस्पतींचा होता, तेथे या पक्ष्याची संख्या टिकू शकत नव्हती, कारण स्थानिक कीटकांच्या बहुसंख्य अळ्या परक्या झाडांच्या पानांवर वाढत नाहीत. प्रजाती वेगळ्या असल्याने हा आकडा महाराष्ट्राला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण त्यामागील कारण येथेही तेच आहे: कढीपत्ता आणि लिंबावर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, आणि अशा झुडपांतूनच शिंपी व नाचण आपले भक्ष्य टिपतात.

म्हणून हिरवळ हवीच असेल, तर तिचा आकार लहान ठेवावा, कडेला करवंद, कढीपत्ता यांसारखी झुडपे वाढू द्यावीत, एक पट्टा बी धरेपर्यंत कापू नये, झाडांखालचा पाचोळा तेथेच राहू द्यावा आणि कीटकनाशक पूर्णपणे बंद करावे.