हवामानाचा इशारा आणि आपला माल

२०१९ च्या पावसाळ्यातील गोष्ट. भिवंडीतील आमच्या गोडाऊनमध्ये मेहताजी वर्तमानपत्रातील हवामानाचा अंदाज वाचत होते. 'ठाणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी अतिवृष्टीची शक्यता.' माझे शिक्षण उर्दू माध्यमात झालेले. अवघड मराठी शब्द आला की मी मेहताजींकडे पाहतो. ते म्हणाले, "सेठ, तुरळक म्हटलंय, काळजी नको." खालच्या थरातील ग्रे कापडाच्या गाठी आम्ही तशाच राहू दिल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे कामवारी नदीचे पाणी आत शिरले आणि गुडघ्याला लागले. सुती कापड दिव्याच्या वातीसारखे पाणी वर ओढते, त्यामुळे पाण्याच्या वरचा थरही गेला. दोन दिवसांत बुरशीचा वास सुटला. तो माल चिंधीच्या भावाने द्यावा लागला.

मेहताजींना दोष देण्यात अर्थ नाही. हवामानशास्त्राच्या भाषेत 'तुरळक' हा शब्द पावसाला नव्हे, ठिकाणांना लागतो. विभागातील पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी केंद्रांवर तसा पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक ठिकाणी' म्हणतात. पण त्या थोड्या ठिकाणी तो धो धो पडणार असतो. २६ जुलै २००५ ची आठवण सर्वांना आहे. त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईतील कुलाब्याला शंभर मिलीमीटरही झाला नाही. अंदाज बरोबर असतो, तो कळत नाही, अशी ही गत आहे.

मिलीमीटरचेही तसेच. ६४.५ मिलीमीटरच्या पुढे जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.४ च्या वर अतिवृष्टी, असा हिशेब हवामान खाते लावते. गजावर आणि मीटरवर आयुष्य काढलेल्या कापडवाल्याला यातून काय कळणार? मी स्वतःसाठी असा हिशेब केला. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. माझ्या हजार चौरस फुटांच्या पत्र्यावर शंभर मिलीमीटर पडला तर सुमारे नऊ हजार तीनशे लिटर पाणी होते, म्हणजे जवळजवळ एक मोठा टँकर. सांताक्रूझच्या हिशेबाने जवळपास नऊ टँकर. असे सांगितले की हमालालाही लगेच समजते.

कोल्हापूरकडचे लोक या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे. तिथे पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. तिथला व्यापारी पाऊस किती पडला हे विचारत नाही, "बंधाऱ्यावर किती फूट?" एवढेच विचारतो, कारण किती फुटांना पाणी कोणत्या गल्लीत येते हे त्याला बापजाद्यांपासून ठाऊक असते. अर्थात २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, तेव्हा जुने ठोकताळेही अपुरे पडले.

इशारा कसा द्यावा याचा उत्तम नमुना आपल्याला कुरआन शरीफमधील हजरत यूसुफ (अ. स.) यांच्या हकिकतीत सापडतो. बादशहाने स्वप्न पाहिले. हजरत यूसुफ (अ. स.) यांनी 'दुष्काळ पडेल' एवढेच सांगून सोडले नाही. किती वर्षे सुकाळ, किती वर्षे तंगी, आलेले धान्य कणसातच कसे ठेवायचे आणि खायला किती काढायचे, सगळे सांगितले. आणि हा सल्ला निरोप्यामार्फत थेट बादशहापर्यंत पोहोचला. आज फोनवर इशारा येतो, 'सतर्क राहा'. सतर्क राहा म्हणजे काय करू? गाठी उचलू, की मोटारी खोलू, की कारागिरांना घरी पाठवू?

भारतीय हवामान खात्याच्या रंगांत हे उत्तर खरे तर दडलेले आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारी करा, लाल म्हणजे कृती करा. पण आपल्याकडे लाल इशाऱ्याचा अर्थ 'शाळांना सुट्टी' एवढाच झाला आहे. सुट्टी दिली आणि ऊन पडले की लोक हसतात आणि पुढच्या वेळी अधिकारीही कचरतात. दहा वेळा तयारी करून तीन वेळा उपयोगी पडली तरी सौदा फायद्याचा आहे, हे व्यापाऱ्याला कोणी समजावण्याची गरज नसावी. आपणही फुकट गेलेल्या सुट्टीवरून कलेक्टरला नावे ठेवू नयेत.

भाषेचा प्रश्न याहून मोठा. भिवंडीच्या यंत्रमागांवर उत्तर प्रदेश-बिहारचे कारागीर आहेत, तेलुगू बोलणारेही आहेत. रात्रपाळीला आत तेच असतात आणि मराठी संदेश सेठच्या फोनवर येतो, जो घरी झोपलेला असतो. बांगलादेशात १९७० च्या वादळात किमान तीन लाख माणसे गेली. त्यानंतर सरकार आणि रेड क्रेसेंट यांनी गावोगावी स्वयंसेवक तयार केले. ते भोंग्यावरून गावच्या बोलीत ओरडून सांगतात, झेंडे लावतात. तीन झेंडे म्हणजे महाधोका. वाचता न येणाऱ्यालाही ते कळते. आपल्या मशिदींतून हरवलेल्या मुलाची घोषणा होते, तशी नदी वाढल्याचीही व्हावी. मोहल्ल्याच्या जिम्मेदार मंडळींनी तहसील कार्यालयाच्या आपत्ती कक्षाचा नंबर आपल्याकडे लिहून ठेवावा.

विमा घ्यावा की नाही हे ज्याने त्याने उलेमांना विचारावे. ज्यांनी घेतला आहे त्यांनी त्यात पुराचा अंतर्भाव आहे का आणि मालाची किंमत आजची लिहिली आहे का, हे जूनपूर्वी पाहून घ्यावे.

आमच्या गोडाऊनच्या भिंतीवर आता ऑइलपेंटची एक रेघ आहे, २०१९ च्या पाण्याची. त्या रेघेच्या फूटभर वर लोखंडी मांडणी केली आहे. ठाणे जिल्ह्याला नारिंगी लागला की खालच्या गाठी वर चढवायच्या, लाल लागला की वीज बंद करून रात्रपाळी सोडायची. हे मेहताजींनी मराठी, उर्दू आणि हिंदीत लिहून दारावर चिकटवले आहे. हमालांना त्या दिवसाची मजुरी द्यायची, पाऊस आला नाही तरी.