शेकोटीच्या माथ्यावर दूरचित्रवाणी

इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर येथील कितीतरी मराठी घरांतील मुलेमुली आज अमेरिकेत स्थायिक आहेत. त्यांच्या नव्या घरांची छायाचित्रे येतात, आणि त्यांत एक भिंत पुनःपुन्हा दिसते : खाली भिंतीत बांधलेली शेकोटी, तिच्यावर लाकडी फळी, आणि फळीच्या वर चांगला चार फूट रुंद दूरचित्रवाणीचा पडदा. याच्या भोवती काय लावावे, असे लेकीसुना इकडे विचारतात.

थंड मुलुखात ही शेकोटी, म्हणजे तिकडची फायरप्लेस, घराचे दैवतच होय. लॅटिन भाषेत चुलीला 'फोकस' म्हणत. नजर जेथे खिळते त्या बिंदूला इंग्रजीने पुढे तोच शब्द दिला. आपणही भाऊ वेगळे झाले की 'चुली वेगळ्या झाल्या' असेच म्हणतो. १९३३ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी रेडिओवरून जी भाषणे सुरू केली, त्यांना 'शेकोटीकडेच्या गप्पा' हेच नाव पडले. या शेकोटीवर पूर्वी आरसा किंवा घरातील वडीलधाऱ्यांचे तैलचित्र असे. चपटे संच निघाले, चित्र उतरले आणि पडदा चढला.

अडचण आहे ती उंचीची. कोचावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे साडेतीन फुटांवर असतात. फळीच मुळी चार-साडेचार फुटांवर. पडद्याचा मध्य मग सहा फुटांच्या घरात जातो, आणि सिनेमागृहात पहिल्या रांगेत बसल्यासारखी मान वर करून बसावे लागते. यावरची तोड आपल्या जुन्या वाड्यांत आहे. तेथे रविवर्म्याच्या छापील तसबिरी आणि आजोबा-पणजोबांची छायाचित्रे तुळ्यांखाली उंच लावीत. पण भिंतीला चिकटवून नव्हे. खालची कड खिळ्यांवर टेकलेली आणि वरची कड दोरीने पुढे झुकविलेली असे. सतरंजीवर बसलेल्याला चेहरा नीट दिसे, काचेवर उजेडही चमकत नसे. संच उंचच लावायचा असेल तर तोही पुढे झुकणाऱ्या आधारावर लावावा. खाली ओढून घेता येणारे आधारही मिळतात.

धगीचाही विचार हवा. शेकोटी तासभर पेटती ठेवून फळीच्या वर भिंतीला हात लावून पाहावा. हात ठेववेनासा झाला तर तेथे संच नकोच. लाकडे जाळीत असतील तर काजळीही वर चढते.

सजावट मग थोडीच पुरते. बंद पडद्याचा काळा चौकोन पांढऱ्या भिंतीवर भगदाडासारखा दिसतो. भिंत गडद रंगविली तर तो बुजतो. बाजूंना कपाटे असतील तर पुस्तके ठेवावीत, पितळी भांडी मोजकीच. पडद्यासमोर समई ठेवू नये. तिची ज्योत पडद्यात नाचत राहते. गणपतीही त्या फळीवर बसवू नये : खाली धग, वर मालिका! १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झाले तेव्हा आपल्याकडे खुद्द संचालाच हार घातले गेले, ती गोष्ट निराळी. त्या संचांना निदान माथा होता. त्यावर क्रोशाचा रुमाल आणि फुलदाणी सुखाने नांदत. चपट्या संचाला माथाच नाही. आईने विणून पाठविलेला रुमाल कोठे घालावा, याचे उत्तर आम्हांजवळ नाही.

राहता राहिले पणजोबा. इकडून नेलेली त्यांची तसबीर बहुधा जिन्याच्या वाटेवर असते, नाहीतर पेटीत. आमचे मत विचाराल तर दुसरी मोकळी भिंत असल्यास संच तिच्यावर, डोळ्यांच्या उंचीला न्यावा आणि शेकोटीवरची जागा पणजोबांना द्यावी. मूळ छायाचित्र मात्र तेथे नको. धगीने जुना कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. प्रत काढून, काचेत मढवून, पुढे झुकवून लावावी. खाली नाव, गाव आणि साल मराठीत लिहावे. ते सांगू शकणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. पुढच्या फोनवर ती माहिती आधी विचारून घ्यावी.