फवारणीचा थेंब पानावर का ठरत नाही?

कांद्यावर फुलकिडींसाठी फवारणी केली, औषध चांगले, प्रमाणही बरोबर, तरी कीड हटली नाही, असा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आला असेल. औषधाला दोष देण्यापूर्वी जरा वाकून पातीकडे पाहावे. नुसत्या पाण्याचा थेंब तेथे मोत्यासारखा गोल उभा असतो आणि वाऱ्याने पात हलताच घरंगळून जातो. त्याबरोबर आपले पैसेही मातीत जातात.

याचे मूळ पृष्ठताणात आहे. पृष्ठभागावरील पाण्याचे रेणू आत ओढले जातात. त्यामुळे पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो व थेंबाला आवळून गोल करतो. आवळलेल्या थेंबाच्या आत बाहेरपेक्षा जास्त दाब असतो. पृष्ठताणाच्या दुपटीला त्रिज्येने भागले की हा जादा दाब मिळतो. हा लाप्लास यांचा नियम. म्हणजे थेंब जितका बारीक तितका आतला दाब जास्त. १ मि.मी. व्यासाच्या थेंबात तो सुमारे ३ सें.मी. उंच पाण्याच्या दाबाइतका, तर ०.१ मि.मी. थेंबात सुमारे ३० सें.मी. इतका भरतो. साबणाच्या फुग्याला आतून व बाहेरून असे दोन पृष्ठभाग असतात, म्हणून तेथे दुपटीऐवजी चौपट धरावी.

पाण्याचा पृष्ठताण साधारण तापमानाला सुमारे ७२ डाईन प्रति सें.मी. असतो. प्रसारक द्रव्य मिसळल्यास तो ३० च्या आसपास उतरतो, सिलिकॉनयुक्त प्रसारकाने तर २० ते २२ पर्यंत. मग थेंबाची पकड सैल होते व तो मेणचट पातीवरही पसरतो. पसरविणारे आणि चिकटविणारे द्रव्य वेगवेगळे, पण दुकानात दोन्हींना सरसकट स्टिकरच म्हणतात. लेबल वाचूनच घ्यावे.

मात्र जास्त घातले म्हणजे जास्त फायदा, असे नाही. पृष्ठताण एका मर्यादेखाली उतरत नाही. उलट द्रावण ओघळून जाते, फेस होतो, पाने करपण्याचीही भीती असते. धुण्याची पावडर तर टाकूच नये. तिने पाणी अल्कधर्मी होते व काही कीटकनाशके त्यात लवकर निकामी होतात.

खर्च करण्यापूर्वी एक करून पाहावे. पानावर साध्या पाण्याचे दोन थेंब टाका. ते आपोआप पसरले तर त्या पिकाला प्रसारकाची गरज नाही. कांदा, लसूण, कोबी यांवर ते गोलच राहतील. तेथे लेबलवरील मात्रेने, औषध ढवळून झाल्यावर शेवटी प्रसारक मिसळावे व हळू ढवळावे.