हरलेल्याचं चित्र

आमच्या घरात भिंतीवर चित्रं लावायची पद्धत नव्हती. चित्रं पाहायची ती शेजारच्या काकूंच्या माजघरात. तिथं एका काळपट चौकटीत रावण होता. एका हातात सीता, दुसऱ्या हातात उगारलेली तलवार आणि समोर पंख तुटलेला जटायू. सात-आठ वर्षांचा असेन मी. विचारलं, ‘‘काकू, हरलेल्याचं चित्र का लावलंत?’’ तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, ‘‘अरे, दुसरं कोण आडवं आलं होतं?’’

श्रोतेहो, हे चित्र राजा रविवर्मा यांचं. त्यांचं ‘जटायुवधा’चं तैलचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. १८४८ साली त्रावणकोर संस्थानात जन्मलेल्या या चित्रकारानं युरोपातलं तैलरंगाचं तंत्र आपलंसं केलं आणि पुराणातल्या वीरांना हाडामांसाचं शरीर दिलं. छायाप्रकाशामुळे दंडाची गोलाई दिसू लागली, अंगाला वजन आलं. इथला रावण दहा तोंडांचा नाही. एकाच तोंडाचा, धिप्पाड, राजबिंडा पुरुष आहे. त्याचं बळ असं खरं वाटतं, म्हणूनच त्याला अडवणाऱ्याचं धाडसही खरं वाटतं.

वाल्मीकींच्या अरण्यकांडात हे युद्ध बरंच लांबतं. जटायू रावणाचं धनुष्य मोडतो, रथ मोडतो, सारथ्याला मारतो. कवीला हे सगळं क्रमानं सांगता येतं. चित्रकाराच्या हाती मात्र एकच क्षण असतो. रविवर्मांनी जटायूच्या पराक्रमाचे क्षण सोडले आणि पंख तुटण्याचा क्षण घेतला. सीतेनं तोंड फिरवलं आहे. जे तिला पाहवत नाही, ते आपल्याला पाहावं लागतं.

असं चित्र राजवाड्यातच राहिलं असतं, तर आमच्या गल्लीत कुठून येणार? रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला; पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडी छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. एकावर एक रंग चढवून निघालेली ही चित्रं साध्यासुध्या घरांत पोचली. काकूंचं चित्र त्यांपैकीच.

तरुणपणी एकदा भर बाजारात चारजण एका फेरीवाल्याला मारत होते. मी एका दुकानाच्या पायरीवर उभा होतो. उभाच राहिलो. कुणीतरी पोलिसांना बोलावेल, असं मनाला सांगत राहिलो. त्या रात्री काकूंचा प्रश्न आठवला आणि झोप लागली नाही.

आता पन्नाशी उलटली आहे. जटायू म्हातारा होता आणि रावण तरुण, रथात बसलेला, शस्त्रं घेतलेला, हे रामायणात जटायूच्याच तोंडी येतं. आपण जिंकणार नाही, हे त्याला कळत नसेल असं मला वाटत नाही. पुढे रामानं त्याचे अंत्यसंस्कार स्वतःच्या हातांनी केले.

काकू आज नाहीत. ते चित्र त्यांच्या मुलाकडे आहे. गेलो की मी अजून त्याच्यासमोर थोडा वेळ उभा राहतो.