फॅशन उद्योग व कायदा : खानदेशातील जिनिंग कारखाने

कपड्याची निर्मिती शेतापासून दुकानापर्यंत अनेक टप्प्यांतून व बहुधा अनेक देशांतून होते. तीत राबणाऱ्या श्रमिकांचे संरक्षण कोणत्या कायद्याने आणि कोणाच्या जबाबदारीवर करावयाचे, हा फॅशन उद्योगापुढील एक मूलभूत कायदेविषयक प्रश्न होय. कायद्याची व्याप्ती जेथे संपते, तेथे श्रमिकांचे शोषण सुलभ होते. जुन्या खानदेश जिल्ह्यातील (सध्याचे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) जिनिंग कारखान्यांचा इतिहास हे याचे भारतातील एक प्रारंभीचे उदाहरण आहे.

अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडमधील गिरण्यांना भारतीय कापसाची निकड भासू लागली. त्याच दशकात खानदेशातून लोहमार्ग गेला आणि जळगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ बनली. कापसातून सरकी वेगळी काढणारे (जिनिंग) व रुईच्या गाठी बांधणारे (प्रेसिंग) कारखाने तेथे निघाले. हे काम हंगामी असून जिनिंगमध्ये प्रामुख्याने स्त्रिया असत.

भारतातील पहिला कारखाना अधिनियम १८८१ मध्ये संमत झाला. यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या, किमान १०० कामगार असलेल्या आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक काळ चालणाऱ्या कारखान्यांनाच तो लागू होता. साहजिकच बहुतेक जिनिंग कारखाने त्यातून सुटले. मुंबई सरकारने १८८४ मध्ये नेमलेल्या आयोगापुढे खानदेशातील परिस्थिती उघड झाली. ऐन हंगामात पहाटेपासून रात्रीपर्यंत काम चाले. प्रसंगी त्याच स्त्रिया अल्प विश्रांतीवर सलग अनेक दिवस रात्रंदिवस राबत. १८९१ च्या अधिनियमाने कामगारसंख्येची मर्यादा ५० वर आणली व स्त्रियांचे काम दिवसाला ११ तासांपुरते सीमित केले. हंगामी कारखाने मात्र १९११ च्या अधिनियमानेच कायद्याच्या कक्षेत आले आणि तेव्हाही स्त्रियांच्या रात्रपाळीवरील बंदीतून जिनिंग-प्रेसिंगला सवलत मिळाली. १९२२ मध्ये संख्यामर्यादा २० झाली.

स्वातंत्र्योत्तर काळातील १९४८ च्या अधिनियमाने शक्तिचलित कारखान्यांसाठी ही मर्यादा १० केली. गाठी बांधण्याच्या कारखान्यात कापूस मोकळा करणारे यंत्र चालू असलेल्या भागात स्त्रिया व बालके यांना कामावर ठेवण्यास त्याच्या कलम २७ ने मनाई केली. यंत्राची कापूस भरण्याची बाजू छतापर्यंतच्या भिंतीने विभक्त असल्यास तेवढ्या बाजूपुरती मुभा होती. त्याची जागा घेणारी २०२० ची श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तीत संख्यामर्यादा पुन्हा २० असून, संमती व सुरक्षिततेच्या अटींवर स्त्रियांना रात्री काम करता येते.

बांगलादेशातील राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळून तयार कपड्यांच्या कारखान्यांतील १,१०० हून अधिक लोक मृत्यू पावले. त्यानंतर पुरवठादारांच्या वर्तनाची जबाबदारी खरेदीदार कंपन्यांवरही टाकण्याच्या मागणीस जोर आला. फ्रान्सने २०१७ मध्ये व जर्मनीने २०२१ मध्ये मोठ्या कंपन्यांसाठी तसे कायदे केले. अमेरिकेने २०२१ च्या कायद्यान्वये चीनमधील शिंज्यांग प्रदेशाचा संबंध असलेला माल, त्यातील कापसासह, सक्तीच्या श्रमाचा मानून आयातीस बंद केला. तो तसा नसल्याचे सिद्ध करण्याचा भार आयातदारावर असतो. युरोपीय संघाने २०२४ मध्ये सक्तीच्या श्रमातून बनलेल्या मालावर बंदी घालणारा नियम संमत केला.

अशा कायद्यांमुळे कपड्याचा माग रुईच्या गाठीपर्यंत काढणे आवश्यक ठरते. परंतु जिनिंग कारखान्यात अनेक शेतकऱ्यांचा कापूस एकाच ढिगात मिसळतो. म्हणून तेथील नोंदी दुर्लक्षित राहिल्यास पुढील सर्व प्रमाणपत्रे संशयास्पद ठरतात.