तिवराचे झाड आणि हकीम इब्न सीना

पालघरजवळच्या सातपाटीला किंवा बोईसरजवळच्या नवापूरला तुम्ही कधी गेला आहात का? तेथे खाडीच्या चिखलात हिरवीगार झाडे दिसतात. त्यांच्या भोवती पेन्सिलीसारखी टोकदार मुळे जमिनीतून वर आलेली असतात. ही तिवराची झाडे होत.

तिवराचे शास्त्रीय नाव 'अव्हिसेनिया मरिना' असे आहे. नाव परके वाटते ना? पण त्यात तुमच्या ओळखीचे एक नाव दडले आहे. थोर हकीम इब्न सीना (९८० ते १०३७) यांच्या 'अल-कानून' या ग्रंथात शेकडो वनस्पतींचे औषधी गुण सांगितले आहेत. युरोपात त्यांना 'अव्हिसेना' म्हणत. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५३ साली या झाडांच्या गटाला त्यांचेच नाव दिले. लिनियस यांचा शिष्य फोर्स्कोल अरबस्तानात गेला. तांबड्या समुद्राच्या काठी त्याला हेच तिवर सापडले. त्याने झाडाचे अरबी नावही टिपून घेतले. १७६३ साली तो येमेनमध्ये तापाने मरण पावला. त्याची टिपणे नीबूर या सोबत्याने १७७५ साली छापली.

खाऱ्या पाण्यात इतर झाडे मरतात. तिवर कसे जगते? ते जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकते. उन्हात पानांवर मिठाचे बारीक कण चकाकतात. चिखलात हवा नसते, म्हणून वर आलेली मुळे श्वास घेतात. बी तर झाडावर असतानाच रुजू लागते! पावसाळ्यात ते गळून पडते, भरतीबरोबर वाहत जाते आणि चिखल मिळताच मूळ धरते.

या मुळांच्या जाळीत कोळंबी आणि माशांची पिल्ले लपून वाढतात. चिंबोऱ्या आणि निवटेही तेथेच राहतात. म्हणून तिवर तुटले की कोळ्यांचे जाळे रिकामे येते.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यातील तिवरांची तोड थांबवण्याचा आदेश दिला. पण कुऱ्हाड थांबली तरी सांडपाणी उरतेच. तारापूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांचे सांडपाणी नवापूरच्या खाडीत आणि समुद्रात जाते.  मासे कमी झाल्यामुळे मांगेला मच्छीमारांच्या संघटनेने २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. २०२२ साली निकाल लागला. प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांनी नुकसानभरपाई द्यावी, असे न्यायाधिकरणाने सांगितले.