लघु, गुरु आणि रिकामी खुर्ची

अफझलगंजात मुसीकाठी राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची भव्य वास्तू उभी आहे. परीक्षा जवळ आली की आपल्यापैकी पुष्कळजण तेथे अभ्यासास जातात. समजा, तेथे एका रांगेत चार खुर्च्या आहेत आणि कोणीही दोघांनी शेजारीशेजारी बसावयाचे नाही, असा नियम केला. कोण बसले हे न पाहता केवळ भरलेल्या व रिकाम्या खुर्च्या पाहिल्या, तर किती प्रकार होतील? सर्व रिकाम्या, हाही एक प्रकार धरावा.

हा प्रश्न मी एका मोकळ्या तासाला नववीच्या वर्गास घातला. एक मुलगा तत्काळ म्हणाला, "सर, प्रत्येक खुर्ची भरलेली किंवा रिकामी, म्हणून सोळा प्रकार. नियमामुळे निम्मे गळतील; उरले आठ." मी मोजून पाहिले, तो आठच! शाबासकी देऊन मी मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी एका मुलीने वही पुढे केली. पाच खुर्च्यांचे बत्तीसाच्या निम्मे सोळा यावयास हवे होते. तिने मांडून दाखविले तेरा. माझी शाबासकी चुकीच्या कारणाला गेली होती.

खरे कारण शेवटच्या खुर्चीपाशी आहे. ती रिकामी असेल तर आधीच्या चार खुर्च्यांचे ८ प्रकार. ती भरलेली असेल तर अलीकडची रिकामीच हवी. म्हणून उरलेल्या तिघींचे ५. एकूण १३. याप्रमाणे २, ३, ५, ८, १३, २१ अशी माला चालते.

मी भाषेचा शिक्षक. ही माला पाहताच मला छंदःशास्त्र आठवले. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. पाच मात्रांचे चरण आठच होतात. बेरजेचा हा नियम विरहांकाने आणि पुढे बाराव्या शतकात हेमचंद्राने सांगितला. ज्याच्या नावाने ही माला जगात ओळखली जाते, त्या फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ मधला. दोन्हींचा मेळही सुंदर आहे. रांगेच्या शेवटी एक रिकामी खुर्ची जोडा. भरलेली आणि तिच्या पुढची रिकामी मिळून गुरु. बाकीच्या रिकाम्या त्या लघु. चार खुर्च्यांचा पाच मात्रांचा चरण झाला!

आता मेजाच्या दोन्ही बाजूंना रांगा मांडा आणि समोरासमोर बसण्यासही मनाई करा. एका जोडीचे प्रकार ३. नवी जोडी जोडताना प्रत्येक जुन्या मांडणीतून निदान दोन मांडण्या निघतात. आधीची जोडी संपूर्ण रिकामी असेल तर तिसरीही निघते. म्हणून मागील संख्येची दुप्पट करून तिच्या मागची मिळवावी: ३, ७, १७, ४१, ९९, २३९, ५७७. बौधायनाच्या शुल्बसूत्रातील दोनच्या वर्गमूळाची किंमत अपूर्णांकात मांडली तर ५७७/४०८ येते. तोच हा ५७७!

चौरस मांडणीत मात्र वाट बिकट होते. तीन रांगांत तीन-तीन खुर्च्या, आणि शेजारी वा मागेपुढे कोणी बसावयाचे नाही, तर ६३ प्रकार. चार रांगांत चार-चार असतील तर १२३४. कितीही मोठ्या चौरसास लागू पडेल असे सुटसुटीत सूत्र अद्याप कोणासही सापडलेले नाही. त्या मुलीने ६३ मांडावयास घेतले आहेत. काल ती ५१ पर्यंत आली होती.